दोन कागद आणि एक बातमीदार

‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे एकेकाळचे बातमीदार डेनिस मॅक्डूगल यांच्या पुस्तकांकडे आम्ही वळलो, ते दोन कागदांमुळे.

पहिला कागद खुन्याचा. 1983 साली कॅलिफोर्नियात पोलिसांनी रॅन्डी क्राफ्टची गाडी अडवली, तर शेजारच्या सीटवर प्रेत! डिकीत सांकेतिक शब्दांची यादी, नोंदी 61. कोर्टात सिद्ध झाले 16 खून. मग उरलेल्या नोंदी पुरावा म्हणायच्या की संशय? मॅक्डूगल यांचं ‘एंजल ऑफ डार्कनेस’ (1991) याच प्रकरणावरचं.

दुसरा कागद पॅरामाउंट स्टुडिओचा. ‘कमिंग टू अमेरिका’ (1988) हा चित्रपट स्तंभलेखक आर्ट बुकवाल्ड यांच्या कल्पनेवर आधारलेला, असा कोर्टाचा निकाल. करारात त्यांना निव्वळ नफ्यातला वाटा होता. चित्रपट तुफान चालला, आणि हिशेबात नफा शून्य! म्हणजे बघा, ‘नफा’ या शब्दाची व्याख्याच स्टुडिओनं लिहिलेली. खर्चावर ओव्हरहेड, त्या ओव्हरहेडवर पुन्हा व्याज. (आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण हवं होतं!) कोर्टानं अशी कलमं अन्याय्य ठरवली, 1992 मध्ये बुकवाल्ड आणि त्यांचे निर्माते यांना मिळून 9 लाख डॉलर मिळाले.

‘फेटल सब्ट्रॅक्शन’ (1992) हे यावरचं पुस्तक. पण सहलेखक कोण? बुकवाल्ड यांचेच वकील, पिअर्स ओडॉनेल. इथे आम्ही अडतो. पुस्तक उत्तम, पण ते एका बाजूचं कैफियतनामा म्हणूनच वाचावं.

पुढे ‘द लास्ट मोगल’ (1998) त्यांनी एकट्यानं लिहिलं, लू वासरमन या स्टुडिओसम्राटावर. आणि वासरमन यांची ख्याती काय, तर मागे कागदच ठेवायचा नाही!