अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या परदेशी प्रवेशांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
पदव्युत्तर प्रवेशाची शक्यता केवळ गुणपत्रिकेवरून ठरविण्याची प्रवृत्ती रूढ आहे. डॉ. आंबेडकरांना मॅट्रिकच्या परीक्षेत ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. पुढे त्यांनी कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही संस्थांतून अर्थशास्त्राच्या पदव्या संपादन केल्या. हा प्रवेश कोणत्या घटकांमुळे शक्य झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय विवेचन :
१) आर्थिक पाठबळ : १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळाल्यानंतर सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. त्याबदली बडोदा संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याचा करार १९१३ मध्ये झाला. म्हणजेच विद्यार्थ्याला शिक्षणासाठी आपले भविष्य तारण ठेवावे लागले.

२) शैक्षणिक कर्तृत्व व शिफारस : कोलंबियात १९१५ मध्ये अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन ते एम.ए. झाले. तेथील प्रा. एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली. मॅट्रिकच्या गुणांपेक्षा प्रत्यक्ष संशोधन पाहिलेल्या अध्यापकाचा शब्द येथे अधिक मोलाचा होता.

३) काळाची मर्यादा : १९१६ मध्ये लंडनला प्रवेश मिळाला. तेथील अभ्यासक्रमांचे शुल्क साडेदहा पौंड, म्हणजे कोलंबियातील एका महिन्याच्या शिष्यवृत्तीहूनही कमी होते. खरा अडसर शुल्काचा नव्हता, तर परदेशातील निर्वाहाचा होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपताच त्यांना परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची अनुमती त्यांनी मिळविली होती.

बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचा दाहक अनुभव आल्याने ती सोडावी लागली. १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी वेतनातून बचत केली. तिला राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्या कर्जाची जोड मिळाली. १९२० मध्ये, म्हणजे मुदत संपण्यापूर्वी, ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता.

निष्कर्ष :
१) जुने गुण ही पात्रतेची अंतिम कसोटी नव्हे, पदवीनंतरचे काम आणि जाणकाराची शिफारस तिचे स्वरूप बदलू शकते.
२) प्रवेश मिळणे आणि अभ्यास पूर्ण करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डॉ. आंबेडकरांना तीन वर्षे थांबावे लागले ते बुद्धीच्या नव्हे, तर पैशाच्या अभावी.
३) म्हणून विद्यार्थ्याची शक्यता जोखताना त्याच्या गुणांबरोबरच त्याच्यापाठी कोण उभे आहे, हेही अध्यापकांनी पाहिले पाहिजे. जेथे कोणीच उभे नसेल, तेथे ती जागा भरणे ही संस्थेचीच जबाबदारी ठरते.