विदर्भातील शाकाहारी डायनासोर

विदर्भातील लमेटा शैलसमूहात सापडलेले शाकाहारी डायनासोर प्रामुख्याने टायटनोसॉर गटातील आहेत. हे थर उत्तर क्रिटेशस काळातील (सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचे) असून बहुतेक ठिकाणी दख्खनच्या बेसाल्टखाली दबलेले आहेत. बेसाल्ट झिजला किंवा विभंगामुळे थर वर आले, तेथेच ते दिसतात. शेंदूरजनाघाटच्या पश्चिमेस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले सालबर्डी (ता. मोर्शी, जि. अमरावती) हे असेच एक ठिकाण आहे.

वर्गीकरण

हॅरी सीली यांनी १८८७ मध्ये कंबरेच्या हाडांच्या रचनेवरून डायनासोरांचे पक्षिश्रोणी आणि सरडश्रोणी असे दोन गट केले. ही नावे काहीशी फसवी आहेत, कारण पक्षी उत्क्रांत झाले ते सरडश्रोणी गटातून.

ऑर्निथोपॉड (‘पक्ष्यासारख्या पायांचे’) हे पक्षिश्रोणी गटातील शाकाहारी प्राणी होत. ज्युरासिक काळातील लहान, दोन पायांवर धावणाऱ्या प्राण्यांपासून इग्वानोडॉन आणि पुढे बदकासारख्या चोचीचे हॅड्रोसॉर असा त्यांचा विकास झाला. हॅड्रोसॉरांच्या जबड्यांत एकमेकांना चिकटून शेकडो दात असत आणि ते अन्न चावून बारीक करीत. उत्तर अमेरिका व आशियात त्यांची भरभराट झाली. भारतात मात्र ऑर्निथोपॉडांचे निर्विवाद अवशेष मिळालेले नाहीत. मादागास्करपासून अलग होऊन भारतीय भूखंड तेव्हा एकाकी उत्तरेकडे सरकत होता, हे त्याचे एक संभाव्य कारण होय.

येथे झाडपाला खाणारे मोठे प्राणी होते ते टायटनोसॉर. हे लांब मानेचे, चार पायांचे, सरडश्रोणी गटातील प्राणी अन्न न चावता गिळत.

अवशेष

सालबर्डी परिसरातून डायनासोरच्या पुढच्या पायाचे कोपराखालील हाड मिळाल्याचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर तेथे अंड्यांचे घरटेही आढळले. ही अंडी मेगालूलिथस प्रकारची असून तो प्रकार टायटनोसॉरांचा मानला जातो.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे हाडांसोबत अश्मीभूत विष्ठा विपुल सापडते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण ओळखले गेले. डायनासोरांच्या काळात गवताचे विविध प्रकार नव्हते, ही समजूत त्यामुळे मोडली. अर्थात, त्यांच्या आहारात गवताबरोबर इतर वनस्पतीही होत्या.

नावांचा प्रश्न

रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे जगभरातील कितीतरी हाडे त्याच नावाखाली घातली गेली; युरोपात ‘इग्वानोडॉन’ नावाचेही असेच झाले होते. मूळ मणक्यांत वेगळेपण सांगणारी लक्षणे नाहीत, असे दाखवून जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी २००३ मध्ये ‘टायटनोसॉरस’ ही प्रजाती अवैध ठरवली. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या अधिक पूर्ण सांगाड्याला १९९७ मध्ये ‘टायटनोसॉरस कोल्बर्टी’ म्हटले गेले होते. त्याला आता ‘इसिसॉरस’ म्हणतात. हे नाव इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आले आहे.