लग्नगड्याचा कागद

उर्दू शाळेत घटनेचे २३वे कलम शिकवताना आम्हांला आमच्या ठाणे जिल्ह्यातला लग्नगडी आठवतो. लग्नासाठी कर्ज काढून वारली जोडपे सावकाराकडे राबे. त्याच्याजवळ कागद कसला? वही सावकाराची! १९४५ साली वारली उठले, ते याच वेठीविरुद्ध.

तोच कागद पुढे सर्वोच्च न्यायालयात मागितला गेला. फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांसाठी बंधुआ मुक्ती मोर्चाने पत्र धाडले. हरियाणा सरकार म्हणाले, सक्ती असेलही. पण कर्ज सिद्ध झाल्याशिवाय १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागू होत नाही. १६ डिसेंबर १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवतींनी ठरवले : सक्ती दिसली की उचल दिलीच असे धरावे; नसेल तर मालकाने किंवा सरकारने दाखवावे.

हे घटनाबाह्य कसे? २३वे कलम सक्तीच्या श्रमालाच मनाई करते. त्यात कर्जाचा शब्दही नाही.