माउंटन बाईकचे मडगार्ड

मडगार्ड हे सायकलच्या चाकावर बसवले जाणारे कमानदार आच्छादन होय. चाकाने उडवलेले पाणी, चिखल, शेण व बारीक खडे चालकाच्या अंगावर आणि सायकलच्या फिरत्या भागांवर जाऊ न देणे हे त्याचे काम. ब्रिटन व भारतात त्यास मडगार्ड म्हणतात, तर अमेरिकेत फेंडर हा शब्द रूढ आहे. मराठी बोलीत ‘मडगाड’ असाही उच्चार ऐकू येतो. नेहमीच्या रस्त्यावरील सायकलला मडगार्ड जन्मतःच असते. डोंगरवाटांवर चालवल्या जाणाऱ्या माउंटन बाईकला मात्र ते बहुधा नसते व नंतर निवडून बसवावे लागते. रुंद टायर, शॉक शोषणारे फोर्क व खडबडीत वाटा यांमुळे ही निवड साध्या सायकलच्या मडगार्डाइतकी सोपी नसते. चुकीचे मडगार्ड निरुपयोगी ठरते, इतकेच नव्हे तर प्रसंगी अपघातासही कारण होते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ब्रिटिश रोडस्टर सायकलींना पोलादी पत्र्याची, तारांनी आधार दिलेली पूर्ण लांबीची मडगार्डे असत. भारतात आजही विकल्या जाणाऱ्या काळ्या रोडस्टर सायकली याच घडणीच्या आहेत. त्यांच्या मागील मडगार्डाचे शेपूट अंधारात दिसावे म्हणून पांढरे रंगवलेले असते. वजन कमी करण्यासाठी पुढे सेल्युलॉइडचा वापर झाला. इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीजवळच्या वोल्स्टन येथील ब्ल्यूमेल्स कारखान्याची मडगार्डे त्यासाठी प्रसिद्ध होती. फ्रान्समध्ये रने एर्स यांच्यासारख्या सायकल घडवणाऱ्या कारागिरांनी अ‍ॅल्युमिनियमची मडगार्डे सायकलच्या रचनेचाच एक भाग मानून बसवली.

माउंटन बाईकचा जन्म मात्र मडगार्ड काढून टाकण्यातून झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या श्विन सायकलींची मडगार्डे व इतर अनावश्यक भाग उतरवून त्या डोंगरउतारांवरून हाकू लागले. तेथे १९७६ मध्ये ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही सायकल बाजारात आल्यावर हा प्रकार सर्वदूर पसरला. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात मडगार्डाची उणीव भासली नाही. पण हीच सायकल ब्रिटनसारख्या पावसाळी प्रदेशात गेल्यावर ती जाणवू लागली. म्हणून डोंगरी सायकलसाठीच्या मडगार्डांचे अनेक नमुने ब्रिटनमध्ये आकारास आले. फ्रेमच्या खालच्या नळीवर बसणारे ‘क्रड कॅचर’ १९९० च्या दशकात, तर फोर्कवर बांधायचे ‘मार्श गार्ड’ २०१० च्या दशकात लोकप्रिय झाले.

चिखल उडण्याचे गणित

टायरला चिकटलेला थेंब सुटताना चाकाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने जातो. सायकलच्या सापेक्ष त्याचा वेग सायकलच्या वेगाइतकाच असतो. चाकाचा मागील भाग खालून वर जात असतो, त्यामुळे तेथून सुटलेला थेंब सरळ वर उडतो. हवेचा रोध वगळल्यास ताशी १० किलोमीटर वेगाला तो सुमारे ४० सेंटिमीटर, ताशी २० किलोमीटरला सुमारे १.६ मीटर व ताशी ३० किलोमीटरला सुमारे ३.५ मीटर उंच जाऊ शकतो. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. म्हणून सावकाश चालवताना केवळ पोटऱ्या भिजतात आणि उतारावर मात्र चेहरा माखतो.

थेंब चाकाच्या कोणत्या भागातून सुटतो यावर तो कोठे पडणार हे ठरते. मागील बाजूच्या वरच्या चतुर्थांशातून सुटलेले थेंब वर व पुढे जातात. मागच्या चाकाचे असे थेंब चालकाच्या पाठीवर व सीटवर बसतात. पुढच्या चाकाचे थेंब हवेत मंदावतात आणि पुढे येणाऱ्या चालकाच्या तोंडावर व डोळ्यांत जातात. मागील बाजूच्या खालच्या चतुर्थांशातून सुटलेले थेंब मागे व वर जातात. पुढच्या चाकाचे असे थेंब पाय, साखळी व पाण्याच्या बाटलीवर पडतात, तर मागच्या चाकाचे थेंब पाठीमागून येणाऱ्या सोबत्यावर. यावरून दोन गोष्टी निघतात. डोळे वाचवायचे असतील तर पुढच्या चाकाचा वरचा भाग झाकला पाहिजे. पाय व साखळी वाचवायची असेल तर मडगार्ड मागे बरेच खाली उतरले पाहिजे. एकच लहान तुकडा ही दोन्ही कामे करू शकत नाही.

प्रकार

फोर्कवरील लहान मडगार्ड: पॉलिप्रॉपिलीनचा लवचीक पत्रा फोर्कच्या कमानीखाली प्लॅस्टिकच्या बंधांनी बांधला जातो. वजन साधारणतः ५० ग्रॅमच्या आत असते. डोळे व फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरील सील यांचे ते रक्षण करते. पाय मात्र भिजतातच. ते फोर्कच्या खालच्या भागासह वरखाली होत असल्याने टायरपासूनचे अंतर कायम राहते. अलीकडच्या अनेक फोर्कांच्या कमानीवर यासाठी स्क्रूची छिद्रेही दिलेली असतात.

फ्रेमच्या नळीवरील मडगार्ड: हँडलपासून पायडलांकडे उतरणाऱ्या नळीखाली रबरी पट्ट्यांनी बसवलेली ही रुंद ढाल असते. पुढच्या चाकाने मागे फेकलेला चिखल ती अडवते. हँडल वळवले की चाक तिच्या आडून बाजूला जाते, ही तिची मर्यादा होय.

सीटखालील मडगार्ड: सीटपोस्टला चिमट्यासारखे अडकवलेले, मागे झेपावणारे लांब पाते. बसवणे व काढणे सोपे असते. मात्र ते चाकापासून दूर असल्याने खडबडीत वाटेवर डुलते व बाजूने उडणारा चिखल अडवू शकत नाही.

चाकालगतचे लांब मडगार्ड: मागच्या चाकाच्या फ्रेमनळ्यांना अथवा फोर्कला अनेक ठिकाणी बांधले जाते. हालचाल कमी व आच्छादन अधिक, यामुळे नियमित पावसाळी भ्रमंतीसाठी ते उपयुक्त असते.

तारांच्या आधाराचे पूर्ण मडगार्ड: सर्वाधिक संरक्षण देणारा हा पारंपरिक प्रकार होय. शॉक नसलेला फोर्क, फ्रेमवरील बोल्टची छिद्रे व पुरेशी जागा असेल तरच तो नीट बसतो. माउंटन बाईक मुख्यतः डांबरी रस्त्यावर व रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरली जात असेल तर हाच प्रकार योग्य ठरतो.

निवडीचे निकष

रुंदी: मडगार्ड टायरपेक्षा रुंद असावे, दोन्ही बाजूंनी मिळून ८ ते १० मिलिमीटर अधिक, असा सर्वसाधारण संकेत आहे. २.२५ इंची टायर सुमारे ५७ मिलिमीटर रुंद असतो. त्यास ६५ मिलिमीटरचे मडगार्ड शोभते आणि पुरतेही. कडा खाली वळलेल्या असल्यास बाजूची गळती कमी होते.

चाकाचा व्यास: माउंटन बाईकची चाके प्रामुख्याने २६, २७.५ व २९ इंची असतात. त्यांच्या रिमचे प्रमाणित व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ व ६२२ मिलिमीटर आहेत. लहान चाकाचे मडगार्ड मोठ्या चाकावर ताणून बसवल्यास त्याची टोके टायरला घासतात.

अंतर: टायर व मडगार्ड यांमध्ये चिखल, पाने व खडे सहज निसटतील एवढी जागा हवी. डांबरी रस्त्यावर एक सेंटिमीटर चालते. मातीच्या वाटेवर त्याहून बरेच अधिक लागते. नेमके किती, हे त्या भागातील मातीवर अवलंबून असते.

शॉकची हालचाल: मागेही शॉक असलेल्या सायकलवर चाक वर येते, पण सीटपोस्टवरील मडगार्ड जागचे हलत नाही. म्हणून बसवल्यानंतर शॉकमधील हवा सोडून सायकल पूर्ण दाबून पाहावी; टायर कोठेही टेकता कामा नये. सीट खालीवर होणारा ड्रॉपर सीटपोस्ट असल्यास मडगार्ड सरकणाऱ्या नळीवर कधीही आवळू नये.

फोर्कची घडण: बहुतेक फोर्कांची कमान पुढील बाजूस असते. मॅनिटू कंपनीच्या फोर्कांची मात्र मागे असते. त्यामुळे खरेदीपूर्वी मडगार्ड त्या फोर्कसाठी बनले आहे काय, हे पाहणे अगत्याचे असते.

साहित्य: पॉलिप्रॉपिलीन वाकते पण तुटत नाही, म्हणून पडझडीच्या वाटांवर ते उत्तम. पॉलिकार्बोनेट अधिक ताठ असते. अ‍ॅल्युमिनियम हलके व देखणे असते, पण चेपते व सततच्या कंपनाने छिद्रांपाशी तडकते. पोलाद दणकट, मात्र जड व गंजणारे.

रूप आणि उपयोग

मडगार्ड सायकलचे रूप बिघडवते, या समजुतीने अनेक जण ते टाळतात. वास्तविक नीट काम करणारे मडगार्ड बहुधा चांगलेही दिसते, कारण दोहोंची अट एकच असते: चाकाशी समकेंद्री वक्रता. टायर आणि मडगार्ड यांतील फट सर्वत्र सारखी असेल तर डोळ्यास ती एकसंध रेषा वाटते आणि थेंबांनाही वाट मिळत नाही. वर उचललेले, चाकापासून फटकून असलेले पाते ओबडधोबड दिसते व निम्मा चिखल सोडून देते. मध्यरेषेपासून कललेले मडगार्ड दोन्ही दृष्टींनी सदोष होय.

रंगाच्या बाबतीत मंद काळा रंग टायर व फोर्कशी मिसळून जातो आणि ओरखडेही लपवतो. फ्रेमच्या रंगाचे मडगार्ड उठून दिसते, पण झीज लवकर उघडी पडते. प्लॅस्टिकच्या बंधांची टोके एकाच दिशेने व मुळाशी कापलेली असावीत. त्याने रूप सुधारते आणि बोटांना ओरखडेही येत नाहीत. खडखडणारे मडगार्ड सैल असते. आवाज हा येथे दोषाचा पहिला निर्देशक समजावा.

सुरक्षितता

पुढच्या चाकाचे मडगार्ड हा सर्वांत जपून बसवण्याचा भाग होय. वाटेवरची काटकी आऱ्यांत व आधाराच्या तारेत अडकली तर ती मडगार्डाला चाकाबरोबर ओढत नेते. मडगार्ड चुरगळून फोर्कखाली गच्च बसते, चाक एकदम थांबते व चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. हे टाळण्यासाठी काही उत्पादकांच्या पुढील तारांच्या टोकांना ओढ बसताच निसटणारे खटके असतात. जर्मनीतील झुंडर्न येथील एसकेएस कंपनीची मडगार्डे याचे परिचित उदाहरण होय. सायकलींच्या सुरक्षिततेविषयीच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकातही पुढच्या मडगार्डाची चाचणी अंतर्भूत असून, अडथळा आल्यास मडगार्डाने चाक रोखू नये वा वळण्यात बाधा आणू नये, अशी अपेक्षा आहे. काटक्यांनी भरलेल्या रानवाटेवर पुढे तारांचे पूर्ण मडगार्ड न लावता फोर्कवरील लवचीक प्रकार वापरणे अधिक सुरक्षित असते.

बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची नळी दाबली जात नाही ना, आणि पायडलवरील बूट मडगार्डाच्या शेपटाला लागत नाही ना, हे तपासावे.

आरोग्य

चिखलात जनावरांची विष्ठा असेल तर तो केवळ कपड्यांचा प्रश्न राहत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००७ मध्ये व वेल्समधील बिल्थ वेल्स येथे २००८ मध्ये पावसात झालेल्या माउंटन बाईक स्पर्धांनंतर अनेक स्पर्धकांना अतिसार झाला. कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे तो झाल्याचे आढळले आणि तोंडात गेलेल्या चिखलाशी त्याचा संबंध दिसून आला. पाण्याची बाटली पुढच्या चाकाच्या माऱ्यातच बसवलेली असते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कोकणासह महाराष्ट्राच्या पावसाळी भागांत लेप्टोस्पायरोसिस आढळतो; उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी किंवा चिखल जखमांतून तसेच डोळे व तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात जाऊन तो होतो. मडगार्डाने हा संपर्क कमी होतो, टळत नाही. म्हणून बाटलीच्या तोटीला झाकण, डोळ्यांना चष्मा व परतल्यावर साबणाने धुणे यांची जोड आवश्यक असते.

महाराष्ट्रातील माती व ऋतू

जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीच्या घाटवाटांवर मडगार्डाची कसोटी लागते. पण एकच मडगार्ड राज्यभर सारखे चालत नाही. कोकण व घाटमाथ्यावरील जांभ्याची लाल माती पावसात पातळ होऊन उडते व तिच्यातील कणांनी साखळी आणि सील झिजतात. तेथे अधिकाधिक झाकणारे लांब मडगार्ड हितावह असते. दख्खनच्या पठारावरील काळी माती याच्या उलट वागते. ओली झाल्यावर ती फुगते, टायरला थरावर थर चिकटते व मडगार्डाखाली थापली जाऊन थोड्याच अंतरात चाक जाम करते. अशा वाटेवर जवळ बसलेले मडगार्ड नसलेले बरे. मोठे अंतर असलेले सीटखालील पाते किंवा फ्रेमवरील ढाल वापरणे श्रेयस्कर. पेरणीनंतरच्या शेतवाटांवर चाक मोकळे करण्यासाठी जवळ एखादी काटकी ठेवणे उपयोगी पडते.

देखभाल

प्रत्येक चिखली फेरीनंतर मडगार्डाची आतील बाजू वाळण्यापूर्वी पाण्याने धुवावी. वाळलेला थर टायरला घासून रबर झिजवतो. बंध व पट्ट्यांखाली अडकलेली रेती फ्रेमचा रंग खरवडते, तर कार्बनच्या फ्रेमवर ती अधिक घातक ठरते. म्हणून बांधण्याच्या जागी आधी पारदर्शक संरक्षक पट्टी चिकटवावी. कार्बनच्या सीटपोस्टवर चिमटा बेताने आवळावा. बोल्ट कंपनाने सैल होतात. ते वेळोवेळी तपासावेत. प्लॅस्टिकचे बंध उन्हाने ठिसूळ होतात, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी ते बदलणे चांगले. तडकलेले पुढचे मडगार्ड तात्पुरते चिकटवून वापरण्यापेक्षा काढून ठेवणे सुरक्षित असते.