लगोरी आणि यंत्रमानव

लगोरीचा खेळ ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. सात चपटे दगड किंवा खापऱ्या एकावर एक रचाव्यात, चेंडूने त्या फोडाव्यात आणि प्रतिपक्षाचा चेंडू पाठीत बसण्यापूर्वी त्या पुन्हा रचाव्यात, एवढेच या खेळाचे शास्त्र. कोठे त्यास लिंगोरचा म्हणतात; दिल्लीची मुले त्यालाच पिट्टू म्हणतात. परंतु २१ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीच्या त्यागराज क्रीडागारात हा खेळ झाला, तेव्हा चेंडू फेकणारे हात माणसांचे नव्हते. ते होते विद्यार्थ्यांनी स्वतः घडविलेल्या यंत्रमानवांचे. आशियातील आणि पॅसिफिक प्रदेशातील प्रसारणसंस्थांच्या संघाने भरविलेली ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा त्या वर्षी दूरदर्शनच्या यजमानपणाखाली राजधानीत झाली.

‘रोबो’ हा शब्द मुळात चेक भाषेतला. कारेल चापेक याने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नाटकातून तो जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोटा’ या शब्दाचा अर्थ आपल्या ‘वेठ’ या शब्दाशी अगदी जुळतो. वेठीस धरलेला कृत्रिम मजूर म्हणून जन्मास आलेला हा प्राणी विद्यार्थ्यांचा खेळगडी कसा झाला, याचा इतिहास जपानमध्ये सापडतो. टोकियो तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९८१ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांपुढे एक कोडे ठेवले: दोन साध्या विद्युत्घटांच्या बळावर माणसाला वाहून नेणारी गाडी तयार करा. शक्ती मोजकी, कल्पना मात्र अमर्याद! वर्गात मलूल दिसणारी मुले या कामात रात्रंदिवस रमली. पुढे १९८८ मध्ये एन. एच. के. या जपानी प्रसारणसंस्थेने अशा स्पर्धेला दूरचित्रवाणीवर स्थान दिले, आणि २००२ मध्ये टोकियो येथे तिला आंतरराष्ट्रीय रूप आले. त्या पहिल्या स्पर्धेत यंत्रांना फुजी पर्वताच्या कल्पनेवर रचलेले आव्हान पेलायचे होते. विजयी ठरला व्हिएतनामचा संघ.

एका प्रसारणसंस्थेने अभियांत्रिकीची स्पर्धा भरवावी याचे काहींना नवल वाटेल. परंतु भारतात दूरदर्शनचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीतच झाला, आणि १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी पाठ प्रक्षेपित होऊ लागले. शिक्षण हे त्या माध्यमाचे पहिलेच प्रयोजन होते. रोबोकॉन हे त्याच प्रयोजनाचे नवे रूप मानावयास हरकत नाही.

या स्पर्धेची एक रीत फार मार्मिक आहे. यजमान देश आपल्या लोकजीवनातून विषय निवडतो आणि तो सर्वांसाठी यंत्राचा प्रश्न बनतो. २००८ मध्ये स्पर्धा पुण्यास बालेवाडी येथे भरली, तेव्हा विषय होता गोविंदा; गोपाळकाल्याच्या दिवशी आपली पोरे जे थर लावतात, त्यांवरून ती कल्पना सुचलेली. २०१४ मध्ये पुन्हा पुण्यासच माता-पित्यांना वंदन हा विषय आला. त्यात पालकयंत्राने बालयंत्राला झोका, सीसॉ असे खेळ खेळवायचे होते. आणि २०२२ मध्ये दिल्लीत लगोरी.

दिल्लीच्या खेळात दगडांच्या जागी पाच तबकड्या होत्या. प्रत्येक संघाचे दोन यंत्रमानव. एक पक्ष चेंडूने चवड फोडी व पुन्हा रची. दुसरा पक्ष प्रतिस्पर्धी यंत्राच्या माथ्यावर ठेवलेला चेंडू नेम धरून पाडू पाही. पाठीत चेंडू बसण्याची जुनी शिक्षा येथे माथ्यावरच्या चेंडूकडे गेली, एवढाच फरक.

मात्र मूल जे सहज करते, ते यंत्राला शिकविताना प्रत्येक पायरीचा हिशेब मांडावा लागतो. चेंडू फेकण्यासाठी उलटसुलट फिरणाऱ्या दोन चाकांमधून तो सोडावा, ही एक प्रचलित युक्ती. परंतु विद्युत्घट जसजसा उतरतो तसतशी चाकांची गती मंदावते आणि सकाळी अचूक बसलेला नेम दुपारी आखूड पडतो. म्हणून चाकाची गती सतत मोजून ती सावरणारी व्यवस्था बसवावी लागते. धाव घेताना यंत्राला हिसका बसला तर माथ्यावरचा चेंडू आपणच पडेल. संथ चालावे, तर प्रतिपक्ष वेळ मारून नेईल. फुटलेल्या तबकड्या कोठे जाऊन पडतील हे कोणासच आधी सांगता येत नाही. त्या शोधाव्या लागतात, अलगद उचलाव्या लागतात आणि लहानमोठ्या क्रमाने नेमक्या मध्यावर ठेवाव्या लागतात. शिवाय यंत्रांच्या वजनाला मर्यादा असते. पकड भक्कम केली की भार वाढतो. भार उतरविला की सांगाडा डगमगतो.

यावर पाठ्यपुस्तकात तयार उत्तर नाही. यंत्रशाखेचा विद्यार्थी सांगाडा घडवितो, विद्युत्शाखेचा तारा जोडतो, संगणकशाखेचा आज्ञा लिहितो. आणि यंत्र अडले की दोष कोणाचा हे ठरविण्यापूर्वी तिघांनाही एकमेकांची विद्या थोडी थोडी शिकावी लागते. परीक्षेतील चूक गुणपत्रिकेवर उतरते आणि तेथेच संपते. येथील चूक डोळ्यांसमोर उभी राहते व दुरुस्त होईपर्यंत तेथून हलत नाही.

पुढील वर्षी विषय बदलतो. लगोरी रचणारे यंत्र नव्या खेळाला जसेच्या तसे चालत नाही. ते सुटे होते, त्याचे भाग दुसऱ्या सांगाड्यात जातात. घडविणारे विद्यार्थीही पदवी घेऊन पांगतात. इतक्या महिन्यांच्या श्रमांचे फळ काही मिनिटांच्या सामन्यात सरते, मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य करील. पण लगोरीचे मर्मच त्यात आहे. चवड कायम उभी राहावी म्हणून कोणी ती रचीत नाही. ती फुटणार हे ठाऊक असूनही, धावपळीत, मार चुकवीत, पुन्हा नीट रचता येते की नाही, याचीच तेथे पारख असते. ज्या देशाला आपली यंत्रे स्वतः घडवायची आहेत, त्याच्या तरुणांना ही पारख अंगणात व्हावी यापरते चांगले शिक्षण कोणते?