बशीत न वाढणारा जंतू

मी पनवेल तालुक्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि इथूनच निवृत्त झालो. आमची साधनं मोजकी होती. चट्ट्यावर हलकेच टेकवायचं बॉलपेनचं टोक, कोपरामागची जाड झालेली नस चाचपायला बोटं, कानाच्या पाळीतून स्मिअर घ्यायला ब्लेड, काचपट्टी आणि स्पिरिटचा दिवा. रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या काड्या दिसायच्या, कधी सुट्या, कधी जुडीने. त्या काड्यांचा माग गेली दीडशे वर्षं कसा घेतला गेला, हे तरुण डॉक्टरांनाही फारसं ठाऊक नसतं, म्हणून लिहितो आहे.

क्षयाचा जंतू कॉखने 1882 मध्ये दाखवला. त्याचाच भाऊबंद असलेला कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेत बर्गेनला हान्सेनने त्याआधी नऊ वर्षं, 1873 मध्ये पाहिला होता. त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंध असलेला हेन्री व्हँडाइक कार्टर नॉर्वेला जाऊन हान्सेनला भेटला. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रं काढणारा तो हाच कार्टर. मुंबई इलाख्यातले रोगी तपासून तो तिकडे गेला होता आणि परतल्यावर रोग्यांना वेगळं ठेवण्याचा आग्रह त्याने सरकारकडे धरला. रोग आनुवंशिक मानण्याच्या त्या काळात संसर्गाची बाजू उचलून धरणं धाडसाचं होतं. पण तिच्यातूनच पुढे माणसांना कोंडण्याची वाट निघाली.

हान्सेनला जंतू दिसला, वाढवता मात्र आला नाही. हट्टाने त्याने 1879 मध्ये एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिला न विचारता रोगट ऊतक टोचलं. खटला झाला आणि रुग्णालयातलं पद गेलं. कुष्ठरोगाच्या संशोधनाबद्दल बोलताना ही बाई विसरू नये, असं मला मनापासून वाटतं. तिच्यानंतर सत्तर वर्षांनी वरोऱ्याचे बाबा आमटे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेले आणि प्रयोगासाठी जंतू स्वतःच्या अंगात टोचून घ्यायला आपणहून तयार झाले. त्यांना रोग झाला नाही. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला थारा मिळत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे.

मुंबईत 1890 मध्ये म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी बेघर रुग्णांसाठी माटुंग्याला आश्रयस्थान उभं केलं. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. मराठी वाचकाला अ‍ॅकवर्थ वेगळ्या कारणाने माहीत असतील, कारण शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या सोबतीने त्यांनी जमवलेले ऐतिहासिक पोवाडे 1891 मध्ये छापून निघाले. पुढे 1898 चा लेपर्स अ‍ॅक्ट आला आणि रस्त्यावरच्या निर्धन रुग्णाला पकडून आश्रयस्थानात डांबणं कायदेशीर झालं. तो कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडलं.

पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन 1951 मध्ये सुरू झालं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी आणि अमरावतीत तपोवनाला शिवाजीराव पटवर्धनांनी घालून दिलेल्या वाटेवरची ही वस्ती. औषध म्हणून तेव्हा डॅप्सोनच्या गोळ्या नुकत्याच हाती येऊ लागल्या होत्या. त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागत, आणि पुढे जंतू त्यांना दाद देईनासा झाला.

संशोधकांची मोठी अडचण मात्र तशीच होती. क्षयाचा जंतू बशीतल्या खाद्यावर काही आठवड्यांत वाढतो. कुष्ठरोगाचा जंतू आजवर कुणालाही तसा वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. मुंबईत डॉ. खानोलकर, डॉ. रणदिवे आणि डॉ. बापट यांनी 1958 मध्ये कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक मायकोबॅक्टेरियम वाढवला, तो खरा कुष्ठजंतू नव्हे, त्याच्या नात्यातला होता. कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. माधव देव यांनी त्यापासून लस केली. तमिळनाडूत चिंगलपेटकडे झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1998 मध्ये आले, तेव्हा तिने सुमारे 65 टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं. इतकं होऊनही ती लस आमच्या पेटीत कधी आली नाही, याची खंत मला आजही आहे.

खरा कुष्ठजंतू वाढवायला मात्र प्राण्यांची मदत झाली. 1960 मध्ये अमेरिकेत शेपर्डने उंदराच्या पायाच्या तळव्यात हा जंतू वाढवून दाखवला. 1971 मध्ये आर्माडिलो या खवलेधारी प्राण्याला रोग जडवता आला. त्याचं अंग माणसापेक्षा थंड असतं आणि या जंतूला थंडावा मानवतो. नाक, कानाची पाळी, हातापायांच्या नसा हीच त्याची ठिकाणं का, ते यावरून कळतं. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रानटी आर्माडिलोंत, ब्रिटनमधल्या तांबड्या खारींत आणि 2021 मध्ये आफ्रिकेतल्या चिंपांझींतही तो सापडला. आपल्याकडे मात्र रोग माणसाकडून माणसाकडेच जातो, असंच धरून काम चालतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बहुविध औषधांची शिफारस केली आणि चित्र पालटलं. पाकिटातल्या गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर घेतल्या की रुग्ण बरा. डिसेंबर 2005 मध्ये देशात दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरल्याचं, म्हणजे रोगाचं निर्मूलन झाल्याचं, जाहीर झालं. वेगळी कुष्ठरोग यंत्रणा आवरती घेतली गेली आणि घरोघरचं सर्वेक्षण मंदावलं.

त्याच सुमाराच्या वर्षांत मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या डॉ. वनजा शेट्टी आणि सहकाऱ्यांनी पनवेल तालुक्यात दारोदार तपासणी केली. कुठल्याच नोंदवहीत नसलेले रुग्ण त्यांना सापडले आणि त्यांत लहान मुलंही होती. मूल रुग्ण निघालं की आसपास कुणीतरी मोठं माणूस औषधावाचून आहे, हे उघड असतं.

आम्हा वाड्यांवर हिंडणाऱ्यांना याचं नवल वाटलं नाही. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, मग दवाखान्यात कोण येणार? माझ्या मते निर्मूलनाचा तो आकडा नोंदलेल्या रुग्णांचा होता, असलेल्या रुग्णांचा नव्हता. ज्या जंतूला बशीत वाढवता येत नाही, त्याचा पत्ता माणसाची कातडी उजेडात पाहूनच लागतो, आणि त्यासाठी दारात जावं लागतं.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध मोफत आहे, आणि ते सुरू झालं की रुग्णापासून इतरांना लागण होत नाही. आशाताई तपासायला आल्या तर त्यांना दारातून परत पाठवू नका, घरातल्या सगळ्यांना तपासू द्या.