रविवार, ट्राम आणि राणीचा बाग

रविवारी सकाळी भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरणाऱ्या गर्दीत काही कुटुंबं लगेच ओळखू येतात. त्यांच्या खांद्याला ऑफिसची बॅग नसते. हातात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी असते, बोटाला धरलेली दोन मुलं असतात आणि बरोबर गावाहून आलेली आजी किंवा आत्या असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने ही मंडळी चालत राणीच्या बागेकडे निघतात. बहुतेकांना ठाऊक नसतं, पण त्यांची सहल एव्हाना सुरू झालेली असते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी याच भायखळ्यावरून गेली होती. स्टेशनची आजची इमारत १८५७ सालची आहे आणि तिच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. लोकलच्या तिकिटातच एक वारसा वास्तू बघून होते.

बागेचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. त्याआधीचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. पण मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या ‘राणीचा बाग’ म्हणत आला आहे. मराठीत एरवी बाग स्त्रीलिंगी चालते, इथे मात्र तो पुल्लिंगी झाला. तेही फक्त नाव घेताना, कारण जायचं असतं ते राणीच्या ‘बागेत’च. शब्द असा व्याकरणाला न जुमानता तोंडी बसतो, तेव्हा ती जागा लोकांनी आपली मानलेली असते.

ही जागा लोकांची कशी झाली, याची गोष्ट मात्र राणीपासून सुरू होत नाही. ती सुरू होते पॅरिसपासून. १८५५ साली तिथे मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. त्यासाठी मुंबई इलाख्यातून कापड, धान्य, लाकूड, धातूकाम, मातीकाम असे नमुने गोळा झाले. त्यांचा एक संच मुंबईतही ठेवावा असं ठरलं आणि कोटातल्या एका बराकीत छोटंसं संग्रहालय उभं राहिलं. १८५७ चा उठाव झाला, लष्कराला बराकी हव्या झाल्या, आणि घाईघाईने हलवलेल्या त्या वस्तूंची मोडतोड झाली. वाचलेल्या वस्तू घेऊन संग्रहालय पुन्हा उभारण्याचा ध्यास डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी घेतला. त्यांना शहरातून साथ दिली ती जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या पेडण्याकडच्या मांद्र्याचे. लहानपणी त्यांचा बुद्धिबळाचा खेळ पाहून एका इंग्रज माणसाने वडिलांना या मुलाला इंग्रजी शिकवा असं सांगितलं, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेतून ते ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाले. हे कॉलेजही भायखळ्याच्या हाकेच्या अंतरावर आहे. शिलालेख आणि जुनी नाणी वाचणं, कुष्ठरोगावर औषध शोधणं, स्त्रीशिक्षणासाठी झटणं हे सगळं त्यांनी एकाच आयुष्यात केलं. मुंबईचे शेरीफ होणारे ते पहिले भारतीय. अशा माणसाला संग्रहालय म्हणजे श्रीमंतांचं शोभेचं दालन वाटणं शक्यच नव्हतं.

१८५८ साली कंपनी सरकार गेलं आणि राणीचं राज्य आलं. त्या निमित्ताने राणी आणि तिचा पती अल्बर्ट यांच्या नावाने संग्रहालय आणि बाग उभारायची कल्पना पुढे आली. नाव राणीचं असलं तरी पैसा शहराचा होता. शेटसावकार, व्यापारी, शिकलेले लोक यांनी वर्गण्या दिल्या. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी बाग सुरू झाली. संग्रहालयाचाही पाया घातला गेला, पण बांधकाम मात्र रखडलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडला मिळणारा तिकडचा कापूस बंद झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली ते युद्ध संपलं आणि भाव कोसळले. बँका बुडाल्या, वर्गणीचे आकडे घालणारे स्वतःच कफल्लक झाले. त्याच वर्षी नाना शंकरशेट वारले. शेवटी सरकारने काम पुरं केलं आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांना खुलं झालं. नानांना ते बघता आलं नाही. भाऊ दाजींना बघायला मिळालं, पण त्यानंतर दोनच वर्षांनी तेही गेले. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली.

आता वास्तू झाली, बागही झाली. तरी सहलीला आणखी दोन गोष्टी लागतात, आणि इतिहास लिहिणारे त्यांच्याकडे फारसे वळत नाहीत. एक म्हणजे वाहन आणि दुसरी म्हणजे सुट्टी.

वाहन १८७४ मध्ये आलं. त्या वर्षी मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि १९०७ मध्ये विजेची आली. पुढे कित्येक दशकं गरीब माणसाने शहर पाहिलं ते ट्रामच्या बाकावरून. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. ते उगीच नव्हे.

सुट्टी आली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. भायखळा, लालबाग, परळ हा सगळा पट्टा गिरण्यांचा. कोकण, सातारा, पुणे, नगर इथून आलेली माणसं दिवस उगवताना गिरणीत शिरत आणि दिवस मावळल्यावर बाहेर पडत. आठवड्याची हक्काची सुट्टी त्यांना नव्हती. सत्यशोधक चळवळीतले लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज रविवार इतका अंगवळणी पडला आहे की तो कुणीतरी भांडून मिळवलेला आहे हे सुचतच नाही. घरच्यांना घेऊन कुठे जायचं हा प्रश्न कामगाराच्या घरात विचारला जाऊ लागला तो या सुट्टीनंतर. आणि गिरणगावात त्याचं सगळ्यात जवळचं उत्तर होतं राणीचा बाग.

आत गेल्यावर या कामगाराला काय दिसलं असेल? संग्रहालयात मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. वेगवेगळ्या जातींची, व्यवसायांची, वेशांची माणसं, गावातलं जीवन, घरगुती खेळ, बंदरातल्या होड्या, जुन्या मुंबईचा उठावदार नकाशा. यातल्या बऱ्याच गोष्टी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत संग्रहालयाच्या अभिरक्षकांनी मुंबईच्या कलाशाळेच्या परंपरेतल्या कारागिरांकडून करवून घेतल्या. त्यांच्यामागची साहेबी नजर लपत नाही. या देशातली माणसं मोजावीत, वर्गवारी लावून कपाटात मांडावीत, कोणता माल कुठे पिकतो हे व्यापाऱ्याला कळावं, हा त्यांचा हेतू होता. मुलांना ते दाखवताना हेही सांगायलाच हवं. तरी या मांडणीचा एक गुण मोठा आहे. ती वाचावी लागत नाही. अक्षर न ओळखणारी आजी काचेसमोर उभी राहून नातवाला जातं, मोट, लुगडं समजावून सांगते, आणि तिथे नातवापेक्षा तीच जास्त जाणकार ठरते. मुंबईतल्या फार कमी संस्थांनी तिला हा मान दिला असेल.

‘मुंबई बघायला’ आलेल्या पाहुण्यांची एक ठरलेली वाट तयार झाली. गेटवे, चौपाटी, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, आणि राणीचा बाग. यजमान चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा असला तरी ही वाट त्याला परवडत असे. जुन्या मुंबईकरांच्या आठवणींत हत्तीवरची फेरी असते, पिंजऱ्यापुढची रेटारेटी असते, आणि झाडाखाली पसरलेल्या चादरीवर उघडलेले डबे असतात. शाळांच्या सहलीही इथेच येत. पन्नास-साठ मुलांना एका दिवसात प्राणी, झाडं आणि इतिहास दाखवायचा आणि पालकांकडून थोडेच पैसे घ्यायचे, तर मास्तरांपुढे दुसरा पर्याय नव्हता.

झाडांची गोष्ट तर स्वतंत्र आहे. प्राणी पुढे आले, पण बाग आधी वनस्पतींची होती. शिवडीला कृषी आणि उद्यान संस्थेची बाग होती. त्या जागेची दफनभूमी झाली आणि तिची परंपरा भायखळ्याला आली. आफ्रिकेतली गोरखचिंच धरून देशोदेशींची जुनी झाडं इथे उभी आहेत. विस्तारीकरणात ती धोक्यात आली तेव्हा नागरिकांनी समिती करून त्यांच्यासाठी लढा दिला. वाघासमोर गर्दी असते आणि गोरखचिंचेखाली कुणीच नसतं, हे खरोखर वाईट आहे.

संग्रहालयाच्या आवारात दगडाचा एक मोठा हत्ती आहे. त्याला बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं ते यालाच बघून. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान कोसळली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये आले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. मुलांना हा हत्ती दाखवून पुढच्या सुट्टीत गेटवेवरून लाँचने घारापुरीला न्यावं. ती लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट पडत नाही, आणि सोमवारी ती बंद असतात. एकच गोष्ट दोन सहलींत पुरी होते, आणि मुलांच्या ती कायमची लक्षात राहते.

स्वातंत्र्यानंतर शहरातले साहेबांचे पुतळे चौकाचौकांतून हलवले गेले आणि त्यातले बरेच इथे आले. १९६५ मध्ये काळा घोडा त्यावरच्या सातव्या एडवर्डसह राणीच्या बागेत आला. चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही आवारात आहे, नाक तुटलेला. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी डांबर फासलं होतं ते याच पुतळ्याला. पाठ्यपुस्तकात चापेकरांचं नाव वाचलेल्या मुलाला या दगडासमोर उभं केलं, तर त्या नावाला वजन येतं.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव देण्यात आलं. नाव योग्य माणसाचं मिळालं, पण वास्तूची हालत वाईट होती. गळती, अंधार, धूळ खात पडलेल्या काचा. पुढे महापालिका, वारसा जपणारी इंटॅक संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून जीर्णोद्धार केला. त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च श्रेणीचा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडलं. ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी नक्षीचं छत आणि मधोमध अल्बर्टचा पुतळा असलेलं ते दालन बघून लहान मुलं आवाज न करता उभी राहतात. त्यांना गप्प बसा म्हणावं लागत नाही.

बागेच्या तिकिटाचा वाद झाला तो २०१७ मध्ये. त्याआधी मोठ्यांना ५ रुपये आणि लहानांना २ रुपये इतकंच तिकीट होतं. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यांच्यासाठी थंड दालन उभारलं, आणि १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्यांचं तिकीट ५० रुपये, लहानांचं २५ रुपये झालं. एका फटक्यात दहापट किंवा त्याहून जास्त वाढ. शहरात आरडाओरडा झाला तो रास्तच होता. मात्र त्याच वेळी आई, वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १०० रुपयांचं तिकीट ठेवलं गेलं. ही छोटीशी तरतूद फार महत्त्वाची आहे. ज्या बागेचा पाया वर्गणीने घातला गेला आणि जिचा रविवार गिरणी कामगाराने मिळवला, ती बाग चार माणसांच्या कुटुंबाला आपल्या आवाक्यातली वाटलीच पाहिजे. पुढे कधी दर वाढले तरी कुटुंबाच्या तिकिटाला हात लावू नये.

नेणाऱ्यांनी आधी संग्रहालय करावं, तेही सकाळी, मुलं ताजी असताना. एका तासाहून जास्त नको. वरच्या मजल्यावरचा मुंबईचा नकाशा आणि खालच्या मूर्ती एवढं नीट बघितलं तरी पुष्कळ. मग दगडी हत्ती, मग पुतळे, मग झाडं आणि शेवटी प्राणी. बहुतेक लोक उलट करतात. पेंग्विनच्या रांगेत दमतात आणि संग्रहालयाच्या दारावरून परत जातात. ते चुकीचं आहे. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना घाई करू नये, कारण मूर्तींच्या दालनात त्यांनाच खूप काही सांगायचं असतं.

बाग आणि संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात.